भाऊजी, हा सराव नव्हता

ती. भाऊजींना,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. (टेबलाखाली फायलींचे गठ्ठे असल्याने पुरतं वाकता येत नाही, पण भावना पोचावी.) तुमची प्रकृती ठीक असेलच. जहाजाच्या इंजिनाचीही ठीक असावी, कारण इंजिन बिघडलं की तुमचं पोट बिघडतं असं ताई नेहमी सांगते. मी बरा आहे. रक्तदाब मध्यंतरी वर जाऊन बसला होता, तो आता खाली उतरायला कसाबसा तयार झाला आहे. राहता राहिली ताईची प्रकृती. हे पत्र तिच्या प्रकृतीबद्दलच आहे, आणि एवढं वाचल्यावर तुम्ही पुढची पानं भराभर उलटणार हेही मला माहीत आहे. उलटू नका. ती हिंडते-फिरते आहे, जेवते आहे, आणि मला रागावण्याइतकी ताकद तिच्यात शिल्लक आहे. पण मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून क्रमाने सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही. पंचवीस वर्षं आराखडे लिहिल्याचा परिणाम. फोन करणार होतो. पण तुमचा जहाजावरचा फोन हमखास मध्येच तुटतो, आणि हे अर्धवट ऐकण्यासारखं नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, निदान मान डोलावून तुम्ही तसं दाखवता तरी. अणुवीज केंद्रात किंवा किरणोत्सारी पदार्थांच्या ने-आणीत काही अपघात झाला तर देशाने काय करायचं, याचा एक राष्ट्रीय आराखडा आहे. तो राजधानीत असतो. त्याचे बारा खंड आहेत, आणि सहाव्या खंडाचं तिसरं परिशिष्ट म्हणजे आमचा जिल्हा. ते परिशिष्ट मी लिहिलं आहे. चारशे अडतीस पानं. तुमच्या गच्चीवरून चौदा किलोमीटरवर केंद्राची जी उंच चिमणी दिसते, तिथे आजवर काही झालेलं नाही, आणि झालंच तर काय, याचा रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा विचार करायला मला नेमलं आहे. लोकांनी कुठे जमायचं, कुठल्या बसमध्ये बसायचं, बसचा ड्रायव्हर घाबरून पळाला तर बस कोणी हाकायची, गोठ्यातल्या जनावरांचं काय, तान्ह्या मुलांच्या दुधाचं काय, सगळं त्यात आहे. एका पानावर तर मी पिंजऱ्यातल्या पोपटांचाही विचार केला आहे. माणसांचाही केला आहे असं मला वाटत होतं.

दर पाच वर्षांनी या आराखड्याची राष्ट्रीय रंगीत तालीम होते. यंदा तिचा मान आमच्या जिल्ह्याला मिळाला. (मान म्हणतो आहे खरा, पण बातमी आली तेव्हा आमचे साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले.) ठरलेला प्रसंग असा : केंद्रातून गळती झाली आहे असं समजायचं, भोंगा वाजवायचा, तुमच्या बाजूच्या वस्तीतली तीनशे माणसं बसमधून मोठ्या शाळेत आणायची, फाटकावर प्रत्येकाला यंत्राने तपासायचं. यंत्र गप्प राहिलं तर उजवीकडे, वाजलं तर डावीकडे, तंबूत आंघोळीला. यंत्र अर्थातच गप्प राहणार होतं, म्हणून दहा स्वयंसेवकांच्या गळ्यात 'दूषित' अशी पाटी अडकवायचं ठरलं होतं. राजधानीहून एक निरीक्षक येणार होते. सगळं तयार होतं, फक्त तीनशे माणसं तयार नव्हती. आठवडाभर घरोघरी फिरून माझ्या यादीत एक्केचाळीस नावं झाली होती, आणि त्यातली चार एकाच माणसाची होती. वाचनालयाच्या दारात त्याला मी चार वेळा गाठला असणार, आणि 'नाही' म्हणायचा त्याला कंटाळा आला असणार.

म्हणून मी ताईकडे गेलो. तीस वर्षं त्या वाचनालयात तिने गावाला पुस्तकं दिली. ती बसमध्ये चढली तर अख्खी गल्ली चढेल, हा माझा हिशेब. ती नको म्हणाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतं गर्दीत." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हा म्हणाली, "गुडघा धरलाय." तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारातल्या स्टुलावर बसलो आणि उठलोच नाही. मी काय काय बोललो ते लिहिताना मला आज लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो की जन्मात एक काम मागतोय. म्हणालो की निरीक्षकांसमोर माझी फजिती झाली तर तुला चालेल का. आणि शेवटी म्हणालो, "आई असती तर आली असती." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, माझ्यापासून चांगली लांब, गळ्याभोवती राखाडी स्कार्फ गुंडाळून. मग म्हणाली, "बरं. पण मी शेवटच्या सीटवर एकटी बसेन." मला वाटलं, रुसली आहे. मी आनंदाने घरी आलो.

भाऊजी, आता मला जे दिसतं ते तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं. त्याच्या आदल्या रविवारी मी नेहमीसारखा तिच्याकडे जेवायला गेलो तर तिने माझं ताट बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि स्वतः आत बसली. मी म्हटलं, इथे ये की. ती म्हणाली, "ओट्याजवळ काम आहे." त्याआधी चार दिवस ती कुठल्याशा मैत्रिणीकडे गेली होती. ती मैत्रीण कोण हे मी विचारलं नाही. आणि त्याच्याही दोन महिने आधी, मी राजधानीत तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला होतो (विषय : लोकांमधली सूक्ष्म लक्षणं ओळखणे), तेव्हापासून तो स्कार्फ तिच्या गळ्यात होता. मी प्रशिक्षणाहून परत आलो, स्कार्फ पाहिला आणि म्हणालो, "छान दिसतोय."

सरावाच्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजला. गल्ली खरोखरच आली. माझा हिशेब बरोबर निघाला. बस शाळेशी थांबल्या तेव्हा मी हातात कर्णा घेऊन रांगा लावत होतो. एका रांगेत मधेच भलीमोठी फट होती आणि फटीच्या मागे ताई. तिच्या पुढे एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन उभी होती, आणि ताई मुद्दाम चार पावलं मागे राहिली होती. मी कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, फट नको, पुढे सरक!" लोक हसले. ती सरकली नाही. तेव्हा मी जाऊन तिच्या खांद्याला धरून ढकलणार होतो, तेवढ्यात तीच रांगेतून बाहेर पडून सगळ्यांत शेवटी जाऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, वयानुसार हेकटपणा वाढतो. मग मला नियंत्रण कक्षात बोलावणं आलं.

नियंत्रण कक्ष म्हणजे शाळेचा चित्रकलेचा वर्ग. भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे होते आणि माशांवर मी जिल्ह्याचा नकाशा लावला होता. तिथे साहेब, मी, तीन फोन आणि निरीक्षक. निरीक्षक सारखं काहीतरी वहीत टिपत होते आणि प्रत्येक टिपणीनंतर साहेब माझ्याकडे बघत होते. दहा पन्नासला वॉकीटॉकीवरून दोन नंबरच्या फाटकावरची मोजणीची बाई ओरडली, "साहेब, यंत्र वाजतंय! पाटी नसलेली बाई आहे आणि यंत्र वाजतंय!" मी शांतपणे म्हणालो की बॅटरी बदला. तिने बदलली. वाजतच होतं. मग तिने दुसरं यंत्र लावलं, जे किरण कुठल्या पदार्थाचे आहेत तेही सांगतं. त्याने सांगितलं : आयोडीन.

आता तुम्हाला हे समजावून सांगणं भाग आहे. अणुभट्टीतून गळती झाली तर जे पदार्थ आधी बाहेर पडतात आणि माणसाच्या अंगात शिरतात, त्यात किरणोत्सारी आयोडीन असतं. ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्या शब्दाला घाबरायचं म्हणून बसलो होतो, नेमका तोच शब्द माझ्या कानात शिरला. मी नकाशाला धरून उभा राहिलो. सरावात प्रत्येक निरोपाच्या आधी 'सराव, सराव' म्हणायचं असतं, आणि खरंच काही झालं तर 'हा सराव नाही' असं तीनदा. हा नियमही माझाच. मी राजधानीला फोन लावला आणि तीनदा म्हणालो. पलीकडचा अधिकारी कागद चाळत म्हणाला, "माझ्याकडच्या सरावाच्या कागदात हे वाक्य नाही." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतोय!" तो म्हणाला, "वा, अचानक परीक्षा घेताय होय," आणि मनापासून कामाला लागला. केंद्राला फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे. पण मीच लिहिलेल्या प्रसंगात केंद्राने पहिल्या फोनला 'सगळं ठीक आहे' असंच म्हणायचं होतं. त्यामुळे ते खरं बोलताहेत की माझ्या कागदावरचं वाचताहेत हे कळायला मार्ग नव्हता. निरीक्षक तर इतके खूश झाले की त्यांनी वही मिटून हळूच टाळ्या वाजवल्या.

आणि फाटकावर काय चाललं होतं? फाटकावर ताई त्या मोजणीच्या बाईला सांगत होती, "मला जरा बाजूला घेता का? एक सांगायचंय." बाईच्या तोंडावर पूर्ण मुखवटा, तिला नीट ऐकू येत नव्हतं. शिवाय तिच्या गळ्यातल्या कार्डावर नियम नऊ होता : तपासल्या जाणाऱ्या व्यक्तीशी अनावश्यक संभाषण टाळावे. (मागच्या सरावात लोक तपासनीसांशी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत बसले, म्हणून मी तो नियम घातला.) ताईने पर्स उघडून एक कार्ड काढायचा प्रयत्न केला. नियम अकरा : वस्तू तात्काळ पिवळ्या पिशवीत सीलबंद कराव्यात. पर्स गेली. मग ती म्हणाली, "माझा भाऊ आत आहे, त्याला बोलवा." हा निरोप मात्र माझ्यापर्यंत पोचला. वॉकीटॉकीवर आवाज आला, "बाई म्हणतात त्यांचा भाऊ इथे आहे." मी म्हटलं, इथे सगळ्यांचेच भाऊ आहेत. आणि नोंदवहीत मी माझ्या हाताने लिहिलं : 'असंबद्ध बोलणे?' पुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हाचा मला आता तेवढाच आधार आहे.

मग मी वर्णन मागवलं. उत्तर आलं, महिला, पंचावन्न-साठ, चष्मा, राखाडी स्कार्फ. ते वर्णन मी भोंग्यावरून जसंच्या तसं जाहीर केलं आणि सांगितलं की या महिलेबरोबर बसमध्ये जे होते त्यांनी ताबडतोब वेगळं उभं राहावं. भाऊजी, मी पन्नास वर्षांचा झालो, त्यातला एखादा आठवडा तिला पाहिल्याशिवाय गेला असेल तर तो अपवाद. आणि तिचं वर्णन माझ्याच तोंडून माझ्याच कानात जात असताना मला ती ओळखू आली नाही.

मैदानात जे व्हायचं ते झालं. बसमधली अडतीस माणसं वेगळी उभी राहण्याऐवजी धावायला लागली, ती धावताना बघून बाकीची धावली, आणि पुलावर आम्हीच लावलेल्या अडथळ्यांमुळे पंधरा मिनिटांत सगळी वाहतूक तुंबली. तंबूत ताईला थंड पाण्याने आंघोळ घातली. यंत्र तरीही वाजत होतं, म्हणून पुन्हा घातली. तरीही वाजत होतं, कारण जे होतं ते अंगावर नव्हतं, अंगात होतं. अंगात आहे म्हटल्यावर डॉक्टर आले. त्यांनी नियमाप्रमाणे आयोडीनची गोळी पुढे केली. थायरॉइड ग्रंथीला वाचवायची गोळी. तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, ती ग्रंथी माझ्या गळ्यात नाही. दोन महिन्यांपूर्वी काढून टाकली."

डॉक्टर हा त्या दिवशीचा पहिला माणूस, ज्याने तिला पूर्ण बोलू दिलं. तिला थायरॉइडचा कर्करोग झाला आहे, भाऊजी. शस्त्रक्रिया झाली, आणि मग राहिलेल्या पेशी मारायला बारा दिवसांपूर्वी तिला किरणोत्सारी आयोडीनचाच औषध म्हणून डोस दिला होता. अशा माणसाने काही दिवस इतरांपासून, विशेषतः लहान मुलांपासून, लांब राहायचं असतं. पुढे दोनेक महिने यंत्रं त्याच्याजवळ वाजू शकतात. पण ही नुसती खबरदारी; बसमध्ये थोडा वेळ तिच्या शेजारी बसलेल्या कोणालाही काडीचाही धोका नव्हता. हे मला तुम्हाला असं कागदावर सांगावं लागतं आहे याबद्दल मला क्षमा करा. पण माझा खरा गुन्हा अजून पुढेच आहे.

डॉक्टरांनी मी आखलेला रुग्णाच्या माहितीचा फॉर्म, नमुना क्रमांक सतरा, भरला आणि शिपायाबरोबर नियंत्रण कक्षात पाठवला. तोपर्यंत साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. केंद्राचे मुख्य अभियंता फोनवर किंचाळत होते, पुलावरून हॉर्नचे आवाज येत होते. साहेबांनी कागदाची पहिली ओळ वाचली, हुश्श केलं आणि तो माझ्या हातात कोंबला. "वाच! भोंग्यावरून वाच! कारण सांगितल्याशिवाय लोक थांबणार नाहीत!" यंत्र बिघडलं होतं असं मला म्हणता आलं असतं. एवढं एक खोटं बोललो असतो तर सगळं जागच्या जागी मिटलं असतं. पण मी हातात आलेला नमुना वरपासून खालपर्यंत वाचणारा माणूस. मी माइक घेतला आणि वाचलं : गळती झालेली नाही, घाबरू नये, संबंधित महिलेला थायरॉइडचा कर्करोग असून तिच्यावर किरणोत्सारी औषधाचे उपचार झाले आहेत. लोक थांबले. त्या शांततेत मी पुढचे रकाने वाचत गेलो. (नावाचा रकाना त्यात नाही, गोपनीयतेसाठी मीच तो वगळला होता.) व्यवसाय : निवृत्त ग्रंथपाल. इथे माझा आवाज जरा अडखळला, पण डोळे पुढे गेलेच होते. जवळचे नातेवाईक : पती जहाजावर; येथे भाऊ. संपर्क : आणि मी माझाच फोन नंबर भोंग्यावरून सगळ्या गावाला वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे मात्र तोंडातून निघाले नाहीत. मागून निरीक्षक म्हणाले, "आवाज गेला का?"

मी तंबूकडे कसा गेलो ते आठवत नाही. ती आत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. अंगावर कागदी झगा, तोही दोन माणसांना पुरेल एवढा मोठा. केस ओले. स्कार्फ नव्हता, आणि गळ्यावरची आडवी रेघ मी पहिल्यांदा पाहिली. मी पुढे गेलो तशी ती म्हणाली,

"तिथेच थांब. दोन मीटर."

"ताई, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. सगळं आटोपल्यावर." मग म्हणाली, "तुझा आवाज खणखणीत येतो रे भोंग्यावर. आमच्या तंबूत अगदी स्पष्ट ऐकू आला."

"ताई, मी..."

"टॉवेल ठेवायला हवेत तुम्ही लोकांनी. आंघोळीचा एवढा थाट, आणि अंग पुसायला काही नाही."

मी खिशातून रुमाल काढला आणि दोन मीटरवरून तिच्याकडे फेकला. तो मध्येच पडला. ती उठून आली आणि तिने तो उचलला.

परतीच्या बसमध्ये ती चढली तर बाकीचे उतरले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, एकेक जण काहीतरी विसरल्यासारखा खाली उतरला. ड्रायव्हरही उतरून टायर बघत राहिला. तेव्हा ती म्हणाली, चालत जाऊ. तीन किलोमीटर आम्ही चालत आलो, ती पुढे आणि मी मागे, आणि वाटेत मला कोणी ना कोणी फोन करत होतं. शेवटचे दोन आकडे लोकांना आधीच पाठ होते.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते थोडक्यात लिहितो. कोणी वाईट वागत नाही, हेच वाईट आहे. समोरच्या घरातले लोक रस्त्याच्या पलीकडून खूप मोठ्याने आणि खूप प्रेमाने चौकशी करतात. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून घंटी वाजवून पळतो. शिंप्याने तिचे कपडे न शिवता परत पाठवले; म्हणाला, मशीन नादुरुस्त आहे. आणि वाचनालयाने, तिच्याच वाचनालयाने, एक नम्र पत्र पाठवलं की आपल्याकडची सात पुस्तकं परत करण्याची घाई करू नये, ती आपल्याकडेच ठेवली तरी हरकत नाही. ते पत्र वाचून ती पहिल्यांदा आत जाऊन दार लावून बसली. मी डॉक्टरांना घेऊन गल्लीत घरोघरी गेलो, धोका नाही म्हणून समजावलं. लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच विचारलं की तुम्ही एवढे तिच्याजवळ जाता, तुम्हाला काही होत नाही ना.

कचेरीत उलटंच झालं. निरीक्षकांचा अहवाल आला : अत्यंत यशस्वी सराव. राष्ट्रीय सरावांच्या इतिहासात प्रथमच खरा किरणोत्सार यंत्र वाजल्यापासून नऊ मिनिटांत ओळखला गेला. साहेबांना प्रशस्तिपत्रक, मला प्रशस्तिपत्रक. माझं अजून पाकिटात आहे. मी एवढंच मागितलं की आराखड्यात एक वाक्य घाला : 'यंत्र वाजल्यास प्रथम त्या व्यक्तीला काय सांगायचे आहे ते बाजूला नेऊन ऐकून घ्यावे.' तीन बैठका झाल्या. दोनशे चौदाव्या पानावर ते वाक्य आलं आहे, फक्त समितीने त्यात 'आवश्यक वाटल्यास' असे दोन शब्द घातले. चौथ्या बैठकीत मी ते दोन शब्द काढायला सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या समोर माझा आवाज चढला. शब्द गेले. पण चारशे अडतीस पानांत त्या एका ओळीला जागा नव्हती, असं तर नव्हतं ना. ती मला पंचवीस वर्षांत सुचली नाही.

तुम्हाला यातलं काही माहीत नाही, हे मला सगळ्यांत जास्त खातं. गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, शिंप्याला आणि दूधवाल्याला माहीत आहे, राजधानीतल्या अहवालात छापलं आहे, आणि तिच्या नवऱ्याला माहीत नाही. तुम्ही काळजीने जहाज सोडून याल म्हणून तिने तुम्हाला कळवलं नसणार. तिचं गुपित फोडायचा मला अधिकार नाही. पण एकदा साऱ्या गावासमोर फोडल्यावर, ज्याचा हक्क आहे त्या एकट्यापासून ते राखून ठेवायचं, हे मला पटेना. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा. नंबर तुमच्याकडे आहेच, आणि तो आता सगळ्यांकडे आहे.

तुमचा अपराधी,
मेहुणा

ता. क. : मुख्य विनंती राहिलीच. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तिची मोठी तपासणी आहे. औषधाने काम केलं की नाही ते तेव्हा कळेल. तुम्ही रजा काढून या. पण मी लिहिलं म्हणून आलात असं दाखवू नका, सहज आलात असं दाखवा. जहाज बंद पडलं म्हणा. बोटीतल्या गोष्टी तिला कळत नाहीत.

आणखी ता. क. : तुमच्या बंदरावरच्या कचेरीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. म्हणून पाकीट चिकटवून ताईकडून त्यावर पत्ता लिहून घेणार आहे. विम्याचे कागद आहेत असं सांगेन. ती उघडणार नाही. दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यातली ती नाही.

*

अहो,

उघडलं. विम्याचे कागद लपवून, पाठीमागे हात बांधून कोणी आणून देतं का?

हे पत्र आहे तसंच तुमच्याकडे पाठवते. तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे, रिपोर्ट आला तो आपण दोघांनी फोनवर एकत्रच वाचला, याचा त्याला पत्ता नाही. यालाच सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. आईच्या आजारपणात याने भिंतीवर तक्ता लावला होता आणि आई रोज सकाळी चष्मा लावून विचारायची, आज मी कुठल्या रकान्यात आहे? मला तसल्या रकान्यात बसायचं नव्हतं. तेव्हा उत्तर लिहाल ते पहिल्या ओळीपासून हादरल्यासारखं लिहा. एक-दोन ठिकाणी शाई फुटू द्या. त्याच्यामुळेच तुम्हाला कळलं म्हणून त्याचे आभारही माना. एवढं लिहून त्याला हलकं वाटलं आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

एक त्याने लिहिलेलं नाही. ते तीन किलोमीटर तो माझ्यामागे रडत चालला होता. मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण वळले असते तर त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले असते, आणि हात ठेवायची मला अजून मनाई होती. आता नाही. डॉक्टरांनी परवा सांगितलं, लांब बसायची गरज संपली. रविवारी त्याचं ताट आत मांडलं, तर हा आपणहून उचलून बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, सवय झाली. मग मीही माझं ताट उचलून बाहेर नेलं.

तपासणीचं म्हणाल तर मी एकटी जाऊन येईन, तुम्ही करार मोडू नका, असं मी तुम्हाला चार वेळा बजावलं होतं. ते चारही वेळचं परत घेते. वीस तारखेच्या आधी या. कारण विचारू नका.